अमुक देशाचे लोक टॅक्स भरतात नि तमुक चोरतात असं लिहायच्या आधी काय काय तपासायचं

भाचीचा एमकॉमचा प्रोजेक्ट आहे. विषय घेतलाय राष्ट्रीय संस्कृती आणि करभरणा, देशोदेशीची तुलना. परवा रात्री साडेदहाला फोन. "मामा, स्वीडनचे लोक प्रामाणिक, ग्रीसचे लबाड आणि आपण मधेच कुठंतरी, असं लिहिलं तर चालेल ना? सर म्हणालेत शंभर पानं पाहिजेत." म्हटलं बाई, एका ओळीत सगळं संपवलंस, आता उरलेली नव्व्याण्णव पानं कशानं भरणार? मग दीड तास बोलत बसलो. मी गेली बावीस वर्षं लोकांची रिटर्नं भरतोय, त्यामुळं या विषयावर माझी मतं जरा जास्तच आहेत, आणि ती सगळी तिच्यावर ओतून झाल्यावर वाटलं की लिहूनच टाकावं. असा प्रोजेक्ट, पेपर, भाषण ज्याला कुणाला करायचंय त्याचं काम सोपं होईल.

सगळ्यात आधी हे ठरवा की तुम्ही मोजताय काय. पीपीएफमध्ये पैसे टाकून टॅक्स वाचवला ती चोरी नाही, ते नियोजन. उत्पन्नच दाखवलं नाही ती चुकवेगिरी. दाखवलं सगळं, पण भरायला सहा महिने उशीर केला, ते तिसरंच. नेटवर मिळणाऱ्या आकड्यांत ही तिन्ही बऱ्याचदा एकाच टोपलीत असतात. त्यात स्वित्झर्लंडसारखा देश आला की आणखी गोंधळ, कारण तिथं रिटर्नमध्ये एखादं उत्पन्न लिहायचं राहिलं, म्हणजे 'राहिलं', तर सहसा दंडावर भागतं, आणि खोटी कागदपत्रं जोडली तर मात्र फौजदारी गुन्हा. दोन्हींना कायद्यात नावंच वेगळी आहेत. आता एखादा स्विस माणूस म्हणाला की थोडं उत्पन्न लपवणं म्हणजे काय गुन्हा नव्हे बुवा, तर ती त्याची संस्कृती म्हणायची का त्याचा कायदा? कुठल्याही देशाला हात घालायच्या आधी तिथल्या कायद्यात चोरी कशाला म्हणतात ते एक पान वाचून काढा.

आता खरं काम. देशातल्या पगारदारांना बाजूला काढा. हो, सगळ्यांना. माझ्या ऑफिसात जुलैमध्ये पगारदार लोक येतात तेव्हा मी फॉर्म सोळा, म्हणजे मालकानं दिलेला पगार नि टॅक्सकपातीचा दाखला, हातात घ्यायच्या आधीच त्यांचा पगार, एफडीचं व्याज, शेअरचा डिव्हिडंड सगळं एआयएसमध्ये, म्हणजे टॅक्स खात्यानं जमवलेल्या त्याच्या माहितीपत्रकात, येऊन बसलेलं असतं, टीडीएस कापला गेलेला असतो. त्याला चोरायची इच्छा असली तरी चोरणार काय? त्याचा प्रामाणिकपणा आपल्याला माहितीच नाही, कारण त्याची परीक्षाच झालेली नाही. परीक्षा होते ती त्याच्या मागच्या खुर्चीवर बसलेल्या हार्डवेअरवाल्याची, कारण त्याचं उत्पन्न किती हे त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं असतं.

हे मी आपला अंदाजानं म्हणत नाहीये. डेन्मार्कमध्ये टॅक्स खात्याला बरोबर घेऊन अर्थशास्त्रज्ञांनी ४० हजारांवर करदात्यांचा एक मोठा प्रयोग केला होता, २०११ मध्ये तो छापून आला. जे उत्पन्न मालक किंवा बँक परस्पर खात्याला कळवते त्यात चोरी जवळपास शून्य. जे माणसानं स्वतः सांगायचं असतं त्यात ४० टक्क्यांच्या आसपास. डेन्मार्क बरं का! जिथं लोक हसत हसत टॅक्स भरतात म्हणून आपल्याकडं व्हॉट्सॅपवर फॉरवर्ड फिरतात तो डेन्मार्क. अमेरिकेच्या टॅक्स खात्याचं स्वतःचं गणितही याच वळणाचं आहे, पगारासारख्या कापून जाणाऱ्या उत्पन्नात १ टक्का गळती, आणि जिथं कुणी कळवणारा नाही तिथं ५५ टक्के. जपानी लोकांनी तर यावर म्हणच करून ठेवलीय, 'कु-रो-योन', म्हणजे नऊ-सहा-चार. पगारदाराचं उत्पन्न सरकारला नव्वद टक्के दिसतं, धंदेवाल्याचं साठ, शेतकऱ्याचं चाळीस. संस्कृती एकच, देश एकच, आणि तरी तीन आकडे.

म्हणून दोन देशांची तुलना करताना पहिला तक्ता हाच काढायचा: कुठल्या देशात किती लोक नोकरीत नि किती स्वतःच्या धंद्यात. ग्रीस हा युरोपात स्वतःचा धंदा करणाऱ्यांचं प्रमाण सगळ्यात जास्त असलेल्या देशांपैकी एक आहे. एवढ्या एका गोष्टीत निम्मी 'ग्रीक संस्कृती' संपते.

निम्मीच मात्र. इथं भाची लगेच म्हणाली, मग संस्कृती काही नसतेच का? असते ना. डेन्मार्कला सगळी माहिती बसल्या जागी मिळते ती आकाशातून पडली नाही, १९६८ पासून तिथं प्रत्येक माणसाला एक नंबर आहे आणि बँक, मालक, दवाखाना सगळे त्या नंबरावर चालतात. असा नंबर लोक कटकट न करता घेऊ देतात, नॉर्वेत तर कुणाचं किती उत्पन्न आणि किती टॅक्स ते शेजाऱ्याला बघता येतं (२०१४ पासून कुणी बघितलं तेही कळतं, मग उत्सुकता जरा कमी झाली). हा जो सरकारवरचा विश्वास आहे ना, ती संस्कृती. फक्त ती माणसाच्या खिशात सापडत नाही, तर यंत्रणा उभी करू दिली की नाही यात सापडते. तुमच्या प्रोजेक्टमध्ये हे वाक्य घाला, सर खूश होतील.

आता हॉफस्टेड. हा विषय घेतला की गाईड तुम्हाला पहिल्यांदा त्याच्याकडेच पाठवणार. गीर्ट हॉफस्टेड नावाच्या डच माणसानं १९६७ ते १९७३ च्या दरम्यान आयबीएमच्या देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांच्या प्रश्नावल्या गोळा केल्या आणि १९८० मध्ये त्यातून प्रत्येक देशाला गुण दिले. सत्तेतलं अंतर किती मुकाट मान्य करता, एकेकटे का गटाचे, 'पुरुषी' स्पर्धा किती आणि अनिश्चिततेची भीती किती. भारताला सत्ता-अंतरात ७७, अनिश्चिततेच्या भीतीत ४०. भीतीत ग्रीस सगळ्यात वर, ११२, आणि सिंगापूर तळाला, ८. पुरुषीपणात जपान ९५, स्वीडन ५. २००७ मध्ये ५० देशांवर एक अभ्यास झाला, त्यात निघालं की जिथं अनिश्चिततेची भीती नि सत्ता-अंतर जास्त आणि एकेकटेपणा कमी, तिथं करचुकवेगिरी जास्त. वाचायला झकास, आणि बहुतेक प्रोजेक्ट इथंच संपतात.

तुम्ही इथं थांबू नका. त्याच गुणपत्रिकेत जपानला भीतीत ९२ आहेत, म्हणजे सूत्राप्रमाणे जपान ग्रीसच्या शेजारी पाहिजे. सिंगापूरला सत्ता-अंतर ७४ नि एकेकटेपणा २०, म्हणजे त्या दोन मापांनी तिथं अंदाधुंदी पाहिजे, आणि तिथं टॅक्स चुकवायची कुणाची छाती होत नाही. सूत्र सरासरीचं आहे, त्यात असे अपवाद असणारच, पण मग त्या अपवादांवरच चार पानं लिहा ना, तीच वाचनीय होतील. शिवाय एकेकटेपणात वरचे देश बहुतेक श्रीमंतही आहेत, तेव्हा दरडोई उत्पन्न वेगळं काढलं नाहीत तर तुम्ही संस्कृती मोजताय असं समजून पैसा मोजत बसाल. आणि चुकवेगिरीचा आकडा म्हणून बहुतेक जण काळ्या अर्थव्यवस्थेचा जो अंदाज घेतात तो स्वतःच रोकड, बेकारी, कराचं ओझं वगैरेंवरून मॉडेल लावून काढलेला असतो. कुणी मोजून आणलेला नसतो.

माझी स्वतःची एक कुरकूर. ज्या आयबीएमनं १९७८ मध्ये भारतातून गाशा गुंडाळला, तिच्या त्या काळच्या मूठभर नोकरदारांनी दिलेल्या उत्तरांवरून आजच्या लक्ष्मी रोडच्या दुकानदाराचं मन ओळखायचं, म्हणजे जरा जास्तच झालं. गुण वापरा, वापरायला ना नाही, हॉफस्टेडनंच सांगून ठेवलंय की हे देशांचे गुण आहेत, माणसांना चिकटवू नका. ते एक वाक्य लोक सोयीनं विसरतात.

मग संस्कृती पकडायची कशी? मला पटलेला मार्ग असा की दोन प्रकारची उदाहरणं शोधायची. एक, नियम तोच पण माणसं वेगवेगळ्या देशांची. दुसरं, माणसं तीच पण नियम बदलला.

पहिल्या प्रकारचं सगळ्यात भारी उदाहरण टॅक्सचं नाहीच, पार्किंगचं आहे. न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांत काम करणारे राजनैतिक अधिकारी. मॅनहॅटनमध्ये गाडी कुठंही लावा, काचेवर पावती लागणार, पण राजनैतिक संरक्षण असल्यानं भरली नाही तर कुणी काही करू शकत नाही. म्हणजे सगळ्या देशांचे लोक एका गल्लीत, पकडलं जायची भीती सगळ्यांना शून्य, उरतं ते फक्त घरून आणलेलं वळण. १९९७ ते २००२ एवढ्या काळात न भरलेल्या पावत्या दीड लाखांवर, रक्कम १.८ कोटी डॉलरवर. कुवेतच्या अधिकाऱ्यांच्या नावावर माणशी दोनशेच्या वर पावत्या निघाल्या, स्वीडन, नॉर्वे, जपान यांच्या नावावर शून्य. ज्या देशांत भ्रष्टाचार जास्त समजला जातो त्यांच्या पावत्या जास्त. इथवर वाचून भाचीचं मूळ वाक्य बरोबरच होतं की, असं वाटतं. पण पुढं ऐका. २००२ च्या शेवटी शहराला अशा गाड्यांच्या नंबरप्लेट काढून घ्यायची परवानगी मिळाली, आणि न भरलेल्या पावत्या ९८ टक्क्यांनी घसरल्या. तीच माणसं, तेच वळण! एका स्क्रू ड्रायव्हरनं काम झालं.

हे दोन्ही आकडे कायम जोडीनं लिहायचे. नुसता पहिला लिहिलात तर तुम्ही लोकांना नावं ठेवताय, नुसता दुसरा लिहिलात तर पावत्या शून्य असलेल्या स्वीडनचं काय ते सांगता येत नाही.

याच जातीची आणखी दोन. अमेरिकेतल्या परदेशी मालकीच्या कंपन्यांच्या टॅक्स तपासणीचा अभ्यास झालाय, तिथं मालक जास्त भ्रष्ट समजल्या जाणाऱ्या देशाचा असला तर कंपनी अमेरिकेतही जास्त चुकवते असं दिसलं. म्हणजे वळण विमानात बसून येतं. दुसरीकडं इटली आणि स्वीडनच्या लोकांना प्रयोगशाळेत बसवून, नियम सारखे ठेवून, टॅक्स भरायचा खेळ खेळायला लावला तर सरासरी चोरीत फरकच निघाला नाही. फरक निघाला तो पद्धतीत. स्वीडिश माणूस एकतर पूर्ण खरं सांगतो नाहीतर पूर्ण खोटं. इटालियन थोडंसं इकडंतिकडं करतो. हे वाचून मला माझे निम्मे क्लायंट आठवले. "साहेब, सगळं नको, पण अगदीच काही नाही दाखवलं तर बरं दिसत नाही, साडेसात धरा." हे साडेसात कुठून आले ते विचारायचं नसतं. आपली जात इटालियनांची.

दुसऱ्या प्रकारात ग्रीस घ्या. अथेन्सच्या उत्तरेकडच्या श्रीमंत उपनगरांत ३२४ लोकांनी घरी पोहण्याचा तलाव असल्याचं कळवलं होतं, २०१० च्या सुमारास सॅटेलाइटचे फोटो तपासले तर तलाव निघाले १६,९७४. मग तलावांवर हिरव्या जाळ्या टाकायची टूम निघाल्याच्याही बातम्या आल्या. यावर हमखास ऐकायला मिळतं की चारशे वर्षं तुर्कांच्या ताब्यात होते, टॅक्स चुकवणं हीच देशभक्ती होती, रक्तातच आहे. छान गोष्ट आहे, पण रक्त काही दहा वर्षांत बदलत नाही. कर्जाच्या संकटानंतर ग्रीसनं कार्डानं पैसे द्यायची सक्ती वाढवली, २०१७ पासून कार्डाच्या व्यवहारांवर लॉटरी काढली, दुकानांचे गल्ले टॅक्स खात्याला जोडले, आणि व्हॅटमधली, म्हणजे विक्रीवरच्या करातली, गळती बरीच खाली आली. तुर्क तेवढेच जुने होते.

उलट स्वीडनही बघा. जिथं टॅक्स आणि खजिना या दोन्हींना 'स्काट' हा एकच शब्द आहे, त्या देशालासुद्धा २००७ मध्ये घरकामाच्या बिलात सवलत द्यावी लागली कारण झाडूपोछा सगळा रोखीत 'काळा' चालला होता, आणि २०१० पासून दुकानांच्या गल्ल्यात सरकारमान्य यंत्र बसवायची सक्ती करावी लागली. नुसती संस्कृती पुरली असती तर हे कशाला केलं असतं?

आणि मग तळाला काय उरतं, भीती पूर्ण काढून टाकली तर? याचंही उत्तर आहे. जर्मनीत बव्हेरियातल्या एका शहरात प्रोटेस्टंट चर्चचा एक छोटा स्थानिक कर आहे, जो न भरला तरी व्यवहारात कुणी विचारत नव्हतं. तो पाचातला साधारण एकजण मनापासून भरत होता. जर्मनीत, चर्चला, आणि पाचातला एक. आपल्याकडं गणपतीच्या वर्गणीला एवढा प्रतिसाद मिळाला तर मंडळ बंद पडेल, पण वर्गणी मागायला पोरं दारात उभी असतात हा फरक आहे.

सर्व्हेची उत्तरं वापरणार असाल तर एक खड्डा सांगून ठेवतो. वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हेमध्ये प्रश्न असतो की संधी मिळाल्यास टॅक्स चुकवणं कितपत योग्य, १ म्हणजे कधीच नाही, १० म्हणजे नेहमीच. आता आपल्याकडं ३१ जुलै २०२४ पर्यंत रिटर्नं आली ७ कोटी २८ लाख, लोकसंख्या १४० कोटी, शेतीच्या उत्पन्नाला माफी, आणि आलेल्या रिटर्नांतसुद्धा शून्य टॅक्सवाले भरपूर. मग सर्व्हे घेऊन दारात आलेल्या मुलीला 'छे छे, कधीच नाही' म्हणायला काय जातंय? उत्तर देणारा दुसऱ्याच्या पैशाबद्दल बोलतोय. म्हणून हा आकडा घेतलात तर त्याच्या शेजारी त्या देशात प्रत्यक्ष टॅक्स भरणारे किती ते लिहा.

थोडं फील्डवर्कही करा, लांब जायला नको. मागच्या दिवाळीआधी मी रंग घ्यायला गेलो होतो. दुकानदारानं डबे काढून ठेवले, कॅल्क्युलेटरवर बोटं चालवली, आणि मान वर न करता विचारलं, "बिल पायजे का?" हा प्रश्न नीट ऐका. अठरा टक्के जीएसटीचा सगळा प्रश्न त्या तीन शब्दांत आहे. म्हटलं नको म्हणालो तर? त्यानं कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूचा तुकडा फाडला, त्यावर आकडा लिहिला, नाव नाही, नंबर नाही, तारीखसुद्धा नाही. हे झालं कच्चं बिल. मी पक्कं मागितलं तर म्हणाला, "देतो की. पण समोरचा कच्च्यावर देतो, मी एकटा पक्कं करत बसलो तर गिऱ्हाईक राहील का?" आता याच्यात लबाडी किती आणि समोरच्या दुकानाची धास्ती किती? (घेतलं शेवटी पक्कंच, कारण माझा धंदाच तो, पण हात खिशाकडं जाताना जड झाला होता हे कबूल करतो.)

ब्रिटनच्या टॅक्स खात्यानं नेमकी हीच तार छेडली होती. थकबाकीदारांना पाठवलेल्या पत्रांत एक ओळ घातली की दहापैकी नऊजण वेळेवर टॅक्स भरतात आणि तुम्ही उरलेल्या थोड्यांपैकी आहात. लाखभर लोकांवर हे करून बघितलं, आणि त्या गटात भरणारे वाढले. पण हीच ओळ आमच्या रंगवाल्याला पाठवली तर तो हसेल, कारण त्याच्या गल्लीत खरा आकडा दहात दोन आहे हे त्याला खात्यापेक्षा चांगलं माहितीय. त्याच्यासाठी तैवानची युक्ती बरी, १९५१ पासून तिथं बिलाच्या नंबरावर लॉटरी निघते, त्यामुळं बिल गिऱ्हाईकच मागतं.

अशा दुकानात प्रश्नावली घेऊन गेलात तर 'तुम्ही टॅक्स चुकवता का' असं विचारू नका, हाकलून देतील आणि बरोबरच करतील. विचारायचं की या लायनीत साधारण किती जण पक्कं बिल देतात, तुम्ही सगळं पक्कं केलं तर महिन्यात किती गिऱ्हाईक जाईल, आणि भरलेल्या टॅक्सचं काय होतं असं वाटतं. तिसऱ्या प्रश्नावर लोक मोकळे होतात, समोरच्या खड्ड्याकडं बोट दाखवतात. ते शब्द जसेच्या तसे लिहून घ्या, 'दोन नंबर', 'सेटिंग', 'वरचेवर' जे काय म्हणतील ते. ग्रीसमध्ये लाच द्यायच्या पाकिटाला 'फाकेलाकी', छोटं पाकीट, म्हणतात. डॉक्टरला पाकीट देऊन आलेल्या माणसाला वाटतं की माझा टॅक्स एकदा देऊन झालाय. शब्दांवरून जेवढं कळतं तेवढं पाचच्या स्केलवरून कळत नाही असं माझं मत, सर कदाचित मानणार नाहीत.

देशांची जोडी निवडताना भारत-स्वीडन घेऊ नका, त्यांच्यात इतकं काही वेगळं आहे की फरक कशामुळं पडला ते सांगताच येणार नाही. इटली-स्वीडन घ्या, किंवा एकाच देशात दोन नियम शोधा. झुरिकमध्ये माझ्या वर्गमित्राचा मुलगा आयटीत आहे, सुरुवातीच्या परमिटवर असल्यानं त्याचा टॅक्स पगारातून परस्पर कापला जातो, आणि शेजारच्या टेबलावरच्या स्विस माणसाला तेवढ्याच पगारावरच्या टॅक्सचं बिल घरी येतं, ते तो स्वतः भरतो. ऑफिस एक, कॉफी मशीन एक. यांच्यावर लिही म्हटलं भाचीला.

ती म्हणाली बघते, सोमवारी सिनॉप्सिस द्यायचाय. आणि शीटमध्ये प्रत्येक आकड्यापुढं वर्ष लिही, हे तिला तीनदा सांगितलंय. हॉफस्टेडचे गुण सत्तरच्या दशकातले, गळतीचा आकडा कालचा, आणि दोन्ही एकाच आलेखावर, असं झालं की व्हायव्हात पहिला प्रश्न तिथंच येतो.